फाईल जाईना झालीया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका, तालमींचे फ्लेक्स, दूध संस्थांची बिलं, सहकारी संस्थांचे अहवाल असं सगळं आता नेटवरूनच येतं. प्री-प्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फायली तपासायच्या, टेबलावरचा फोन दिवसातून चार वेळा तरी याच वाक्याने सुरू होतो: "फाईल जाईना झालीया." ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायच्या घाईत चाराचे चौदा होतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवली. फाईल आमच्याकडेच पाठवायची असली पाहिजे असं नाही. कुठेही पाठवा, दुखणं तेच असतं.

नव्वद टक्के झाल्यावर लाइन तुटली. आता पहिल्यापासून पाठवायची का?

नाही. एवढं एक ध्यानात ठेवलंत तरी आमचे अर्धे फोन कमी होतील. गेलेले नव्वद टक्के बहुतेक वेळा तिकडच्या डिस्कवर पडलेले असतात. एफटीपी आणि एसएफटीपी या सर्व्हरवर फाईल पाठवायच्या दोन पद्धती. दोन्हींत 'अमुक बाइटपासून पुढचं घे' असं सांगायची सोय आहे. वेबवरून फाईल उतरवताना हेच काम रेंज नावाचा हेडर, म्हणजे मागणीसोबत जाणारी सूचना, करतो. सर्व्हरला ते जमत असेल तर तो २०६ हा आकडा देऊन उरलेला तुकडा पाठवतो, जमत नसेल तर २०० देऊन पहिल्यापासून सुरू करतो.

गंमत अशी की रिझ्यूमची, म्हणजे तुटलं तिथून पुढे पाठवायची, सोय असते आणि आपणच ती घालवतो. फाईलझिला या फाईल पाठवायच्या प्रोग्राममध्ये तिकडे त्याच नावाची फाईल आधीच असेल तर एक चौकट येते. तिच्यात आधीपासून निवडलेला पर्याय ओव्हरराइटचा असतो. घाईत माणूस ओके दाबतो आणि पाऊण तासाची मेहनत पुसली जाते. तिथे रिझ्यूम निवडा. विनएससीपी हा असाच दुसरा प्रोग्राम मोठी फाईल पाठवताना नावापुढे 'फाईलपार्ट' असं शेपूट लावतो आणि काम पूर्ण झाल्यावर ते काढतो. हे शेपूट कसलं म्हणून ती फाईल डिलीट करू नका. एका पार्टीने आमच्या सर्व्हरवर 'कचरा साफ केला' तो हाच होता.

साध्या वेब फॉर्ममधून, म्हणजे फाईल निवडा आणि सबमिट दाबा अशा पानावरून पाठवत असाल, तर तिथे रिझ्यूम नसतो. तुटलं की पहिल्यापासून. आमचं अपलोडचं पान फाईलचे तुकडे करून पाठवतं, त्यामुळे तिथे तुटला तर एक तुकडाच वाया जातो. गुगल ड्राइव्हसारख्या मोठ्या सेवांतही तुकड्या-तुकड्याने चढवायची सोय असते.

रात्री अर्धी गेली होती. सकाळी एक आकडा दुरुस्त केला आणि रिझ्यूम दाबलं. चालेल ना?

चालणार नाही, आणि हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण एरर येत नाही. रिझ्यूम करणारा प्रोग्राम सहसा तिकडच्या फाईलचा आकार बघतो आणि तिथून पुढचे बाइट जोडतो. आधी गेलेले बाइट तेच आहेत का, हे तो तपासत नाही. म्हणजे सुरुवातीचा अर्धा भाग कालचा, शेवटचा अर्धा आजचा. बैल एकाचा आणि गाडी दुसऱ्याची. फाईलला हात लावला असेल तर नवीन नाव द्या, शेवटी तारीख आणि वेळ टाका, आणि पूर्ण पाठवा. आरसिंक हा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी जोडल्यानंतर पूर्ण फाईल पडताळून बघण्याचा वेगळा पर्याय आहे. तो चालू ठेवा.

नेट तर मस्त चाललंय, व्हिडिओ अडकत नाही. मग फाईलच का तुटते?

व्हिडिओ बघताना काही सेकंदांचा माल आधीच भरून ठेवलेला असतो. मधे दोन सेकंद लाइन गेली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. शिवाय व्हिडिओ येतो आणि फाईल जाते, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये येण्याचा वेग मोठा अन् जाण्याचा लहान असतो. जाहिरातीत मोठा आकडा छापलेला असतो.

खरं कारण वेगळंच आहे. टीसीपी म्हणजे नेटवर माल पोच घेऊन पाठवायची पद्धत. तिचं एक कनेक्शन चार गोष्टींवरून ओळखलं जातं: तुमचा आयपी पत्ता, तुमचा पोर्ट, समोरचा पत्ता, समोरचा पोर्ट. यातली एक बदलली की ते कनेक्शन मेलं. मोबाईल हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून तुम्ही गगनबावड्याहून कोल्हापूरकडे निघालात आणि वाटेत फोनचं नेटवर्क जाऊन परत आलं, तर पत्ता बदलू शकतो. घरात वायफाय सोडून फोर-जी पकडलं की तो बदलतोच. फोनच्या पट्टीवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण ते कनेक्शन आता कोणाच्याच मालकीचं नसतं.

किती वेळ लागायला पाहिजे हे कसं ओळखायचं?

प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठने गुणायचं विसरू नका. ३ जीबीचा अहवाल म्हणजे साधारण २४,००० मेगाबिट. अपलोड १० एमबीपीएस असेल तर २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं. प्रत्यक्षात ४५ ते ५० धरा. यापेक्षा दुप्पट वेळ लागत असेल तर लाइन तुटत नसली तरी गळत आहे.

एररमध्ये आकडा येतो. त्याचा अर्थ काय?

आकडा वाचल्याशिवाय नेटवाल्याला शिव्या घालू नका. अर्ध्या वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

एफटीपीची नियमावली १९८५ सालची. तिच्यात ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने ये', आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे 'हे असं जमणारच नाही'. ४२१ म्हणजे सर्व्हर आत्ता सेवा देत नाही, ४२५ म्हणजे डेटाचा रस्ता उघडला नाही, ४२६ म्हणजे मधेच कनेक्शन बंद झालं. हे तिन्ही परत प्रयत्न करण्यासारखे. ५३० म्हणजे लॉगिन झालं नाही. ५५० म्हणजे फाईल किंवा परवानगी नाही. ५५२ म्हणजे तुमच्या वाट्याची जागा संपली. इथे शंभर वेळा परत पाठवून काही होत नाही. उलट ५३० वर सारखं ठोकत राहिलात तर बरेच सर्व्हर तुम्हाला चोर समजून तुमचा पत्ताच बंद करतात.

आता वेबवर या, की हेच आकडे उलटे होतात. एचटीटीपीमध्ये ४ ने सुरू होणारा म्हणजे 'चूक तुमच्या बाजूला', आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे 'आमच्याकडे बिघाड'. ५०२, ५०३, ५०४ आले तर थांबून परत प्रयत्न करा. ४०३, ४०४ वर करू नका. अपवाद दोन: ४०८ म्हणजे वेळ संपला, ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत. ४२९ किंवा ५०३ सोबत कधी कधी 'इतक्या सेकंदांनी या' असंही लिहून येतं. ते पाळा.

आकडाच नसेल आणि 'कनेक्शन रिसेट' असं आलं असेल, तर वाटेतल्या कोणीतरी किंवा समोरच्याने दार आपटलं. 'टाइम्ड आउट' असेल तर दार वाजवून वाजवून कोणी उघडलंच नाही.

फाईलझिला नुसता थांबून राहतो, एररही देत नाही. किती वेळ वाट बघायची?

एक-दोन मिनिटं टक्का हलला नाही तर स्वतःच तोडा आणि रिझ्यूम करा. टीसीपी मुळात चिवट आहे. पोच आली नाही की तो परत पाठवतो, अजून आली नाही की जास्त थांबून परत. लिनक्सवर मूळ सेटिंग असेल तर हार मानायला त्याला १५ मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्यात आपला एक चहा आणि एक भांडण होतं.

परत प्रयत्न किती वेळा आणि किती अंतराने?

ऊसपट्ट्यातल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. रात्री थ्री-फेज येते, सगळ्यांच्या मोटारींना ऑटो स्टार्टर लावलेले असतात, एकाच क्षणी सगळ्या मोटारी उठतात आणि डीपी उडतो. लाइन परत गेली. परत आली की परत तेच. सर्व्हर पडून उठतो तेव्हाही हेच होतं. वाट बघत बसलेले सगळे प्रोग्राम एकदम तुटून पडतात.

म्हणून अंतर वाढवत न्यायचं: ५ सेकंद, मग १०, मग २०, मग ४०, आणि पुढे साधारण ५ मिनिटांवर रोखायचं. प्रत्येक वेळी त्यात थोडी उलटसुलट भर घालायची, म्हणजे दहा जण एकाच ठोक्याला उठणार नाहीत. आठ-दहा प्रयत्नांनंतर थांबून माणसाला कळवायचं. फाईलझिलात सेटिंग्जमध्ये कनेक्शन या पानावर प्रयत्नांची संख्या आणि मधलं अंतर दोन्ही बदलता येतं. तिथली मूळची संख्या फार छोटी असते. आपल्या लाइनला ती पुरत नाही.

शंभर टक्के झालं आणि मग एरर आला. गेली का नाही?

बहुतेक गेली. एफटीपी दोन तारांवर चालतो असं समजा. एकीवर हुकूम, दुसरीवर माल. मोठी फाईल जात असते तेव्हा मालाची तार भरलेली असते आणि हुकमाची तार अर्धा-पाऊण तास गप्प. तुमच्या घरातला राउटर, किंवा नेटवाल्याकडे एकच पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटून देणारं यंत्र, कोण कोणाशी बोलतंय याची वही ठेवतं. गप्प बसलेल्याचं नाव ते वहीतून खोडतं. माल पोचतो, पण 'पोचला' असं सांगणारा २२६ हा आकडा परत येतो तेव्हा वहीत नाव नसतं. तुमच्याकडे एरर, आमच्याकडे पूर्ण फाईल.

असं झालं तर आधी तिकडच्या फाईलचा आकार बघा. बाइट-बाइट जुळत असेल तर परत पाठवू नका. पुढच्या वेळेसाठी फाईलझिलातल्या एफटीपीच्या पानावरच्या कीप-अलाइव्हच्या, म्हणजे लाइन जागी ठेवण्याच्या, खुणेवर विसंबू नका. ती रिकाम्या वेळेत हालचाल ठेवते, फाईल जात असताना नाही. संगणकाच्या स्वतःच्या कीप-अलाइव्हवरही विसंबू नका. लिनक्समध्ये तो पहिल्यांदा विचारतो तो दोन तासांनी. त्यापेक्षा एसएफटीपी वापरा. तिथे हुकूम आणि माल एकाच तारेवरून जातात आणि पासवर्डही उघड्यावर फिरत नाही.

लॉगिन होतं, पण फोल्डरची यादीच येत नाही.

पॅसिव्ह मोड चालू करा. ॲक्टिव्ह मोडमध्ये सर्व्हर उलट तुमच्याकडे यायला बघतो आणि तुमचा राउटर त्याला दारातच अडवतो. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

यादी दिसते, छोटी फाईल जाते, मोठी मात्र सुरू होऊन पहिल्याच टप्प्यात गोठते. दर वेळी.

दर वेळी तसंच होत असेल तर याला 'मधेच तुटणं' म्हणू नका. नेटवर माल छोट्या छोट्या पाकिटांतून जातो, हा त्या पाकिटाच्या मापाचा घोळ असू शकतो. इथरनेटवर एक पाकीट १,५०० बाइटपर्यंत चालतं. युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणाऱ्या पीपीपीओई जोडणीत त्यातले ८ बाइट वरच्या वेष्टनाला जातात आणि उरतात १,४९२. मोठं पाकीट अडलं की वाटेतला राउटर 'लहान करून पाठव' असा निरोप देतो. हा निरोप कोणी फायरवॉलने गिळला तर पाठवणारा तेच मोठं पाकीट परत परत पाठवत बसतो. लॉगिन, यादी, छोटी चिठ्ठी ही सगळी लहान पाकिटं, म्हणून ती जातात.

तपासायचं असं. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग या लाइन तपासायच्या आज्ञेला 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून १,४६४ बाइटचा माल पाठवा. २८ बाइट वरचे धरून बरोबर १,४९२ होतात. तो गेला आणि १,४७२ चा गेला नाही, तर तुमच्या लाइनचं माप १,४९२. १,४६४ चाही अडला तर दहा-दहाने कमी करत या. जिथे जातो त्यात २८ मिळवा आणि तो आकडा राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचं जास्तीत जास्त माप, म्हणून टाका. नेटवाल्याच्या मुलाला हे फोनवर सांगताना धीर ठेवा.

आमची लाइन संध्याकाळीच तुटते, किंवा पाऊस आला की. दोष कोणाचा?

दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत घरच्या राउटरला सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. दोन्ही एकदम अडल्या तर घोळ घरातला: वायफाय, वायर नाहीतर राउटर. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचं अडलंय, तर नेटवाल्याला फोन करा आणि वेळ सांगा. 'सारखं जातंय' म्हणू नका, 'सात वाजून बारा मिनिटांनी ४० सेकंद गेलं' म्हणा. ऐकण्यात फरक पडतो.

लाइट नुसती लुकलुकली तरी राउटर परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर हवेत. एकच लावून उपयोग नाही. आणि जमेल तेव्हा वायफाय सोडून केबल लावा. अहवाल पाठवायच्या रात्री तरी.

पूर्ण पोचली, पण धड पोचली हे कसं कळणार?

वाढदिवसाच्या एका फ्लेक्सची गोष्ट सांगतो. तालमीच्या पोरांनी २० बाय १० फुटांची जेपीजी फाईल रात्री साडेअकराला पाठवली. तुटलेली होती, आमच्या लक्षात आलं नाही. अर्धवट जेपीजी उघडते. वरचा भाग नीट दिसतो आणि जिथे माल संपला तिथून खाली सपाट राखाडी. डिझाइनची पार्श्वभूमीही राखाडीच होती. वर उत्सवमूर्तीचा गॉगलवाला फोटो झकास आला. खाली शुभेच्छुकांच्या पासष्ट फोटोंची पट्टी असायला हवी होती, तिथे करडा रंग. सकाळी पासष्टच्या पासष्ट शुभेच्छुक दुकानात हजर. फ्लेक्स फुकटात परत छापला आणि वर सगळ्यांना मिसळ.

पीडीएफचंही तसंच. कुठलं पान कुठे आहे याची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. शेपूट तुटलं तरी काही प्रोग्राम ती स्वतः जुळवून घेतात आणि फाईल उघडून दाखवतात, फक्त काही पानं गायब. म्हणून 'उघडली म्हणजे आली' हा पुरावा नाही.

तेव्हापासून आमचा नियम: आधी आकार बाइटमध्ये जुळवा, मग हॅश, म्हणजे फाईलमधल्या मालावरून काढलेली ओळखीची ओळ. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते. तिला फाईलचं नाव आणि शा-२५६ सांगितलं की ६४ अक्षरांची एक ओळ मिळते. ती आम्हाला व्हॉट्सॲप करा, आम्ही आमच्याकडची काढून पाहतो. एक बाइट जरी वेगळा असेल तरी ओळ पूर्ण बदलते. टीसीपी स्वतः तपासणी करतो हे खरं, पण त्याचा चेकसम फक्त १६ बिटांचा, आणि अर्धवट राहिलेल्या किंवा चुकीच्या जोडलेल्या फाईलशी त्याला देणंघेणं नसतं.

झिप करून पाठवू का?

आकार कमी व्हायला नको. जेपीजी आणि पीडीएफ आधीच दाबलेले असतात, त्यातून फारसं काही निघत नाही. पण दुसऱ्या दोन कारणांसाठी जरूर करा. झिपमध्ये प्रत्येक फाईलचा स्वतःचा तपासणी आकडा असतो, त्यामुळे अर्धवट झिप उघडताना सहसा तक्रार करते, गप्प बसत नाही. आणि सेव्हन-झिपमध्ये २०० एमबीचे तुकडे पाडता येतात. राधानगरीकडच्या एका संस्थेचे सचिव मोबाईलच्या नेटवर १६ तुकडे दोन दिवसांत एकेक करून पाठवतात. एकदाही फोन आला नाही. सगळे तुकडे आल्याशिवाय मात्र काही उघडत नाही, तेव्हा शेवटचा विसरू नका.

दूध बिलांचा डेटा आमच्याकडून तुमच्याकडे रात्री आपोआप जातो. त्यात काय काळजी घ्यायची?

दर दहा दिवसांचं बिल. फाईल अर्धी आली आणि आमच्या प्रोग्रामने ती पूर्ण समजून उचलली, तर यादीतल्या खालच्या निम्म्या सभासदांना बिलच नाही. सकाळी डेअरीवर काय होईल ते तुम्हीच जाणता. म्हणून फाईल तात्पुरत्या नावाने चढवा आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदला. आमचा प्रोग्राम खऱ्या नावाच्या फायलीच उचलतो. शेवटच्या ओळीत एकूण सभासदांची संख्या आणि एकूण रक्कम लिहा. आणि तीच फाईल चुकून दोनदा आली तरी बिल दोनदा निघू नये यासाठी नावात संस्था आणि कालावधी असू द्या. एफटीपी असेल तर बायनरी मोडच ठेवा. टेक्स्ट मोड ओळींची शेवटची खूण बदलतो आणि मग ना आकार जुळतो ना हॅश.

व्हॉट्सॲपवर पाठवलं तर?

डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. फोटो म्हणून पाठवलेला दाबला जातो आणि छपाईत माणूस चिखलात पडल्यासारखा दिसतो.

एवढं करण्यापेक्षा पेनड्राइव्ह आणून देतो.

या की, चहा आहेच. फक्त एफएटी-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाईल बसत नाही, एक्सफॅट करून आणा. आणि पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. तेव्हा पेनड्राइव्ह कुठून येणार होता?

तरीही गेली नाही. फोन केल्यावर काय सांगू?

फाईलचं नाव आणि आकार बाइटमध्ये. किती वाजता तुटली. किती टक्क्यांवर, आणि दर वेळी तिथेच का. आकडा आला असेल तर आकडा. वायफाय, केबल की मोबाईल. स्क्रीनचा फोटो काढलात तर खालची लॉगची पट्टी त्यात येऊ द्या. बहुतेक जण वरची चौकट तेवढी काढतात आणि खरं कारण खाली राहून जातं. पासवर्ड मात्र फोटोत येऊ देऊ नका.